आईच्या गुडघ्याला करंट लावू का?

"नमस्कार मॅडम, माझी आई ६७ वर्षांची आहे, गावी असते. मधुमेह चौदा वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी उजवा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं, पण जिना चढताना तो पाय अजून लटपटतो, मांडीही बारीक झाली आहे. डावा गुडघा दुखतोच. त्याला जवळच्या क्लिनिकमध्ये आयएफटीची, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या करंटच्या मशीनची, दहा सिटिंग्ज झाली. मशीन लावलं की दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता भावाने ऑनलाइन टेन्स (दुखणं कमी करणारा करंट) आणि ईएमएस (स्नायू आवळणारा करंट) असं एकत्र मशीन पाठवलंय. पंचवीस मोड आहेत. माहितीपत्रकात लिहिलंय की दुखणं, स्नायूंची ताकद आणि जखम भरणं, तिन्हीसाठी चालतं. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली पाच आठवड्यांपासून एक जखम आहे. दुखत नाही, पण भरतही नाही. तिच्या बाजूला पॅड लावले तर चालतील का? बाबांनाही कंबरेला मशीन लावायचंय. त्यांना पेसमेकर आहे. — एक वाचक, सातारा जिल्हा"

नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथल्या दोन्ही गोष्टी आजच्या आज ठरवायच्या आहेत.

बाबांना हे मशीन लावू नका. पेसमेकर हृदयातून येणारे अगदी सूक्ष्म विद्युत संकेत सतत टिपत असतो आणि त्यावरून ठोका द्यायचा की नाही हे ठरवतो. टेन्सचे ठोके त्याला हृदयाचेच वाटले तर गरज असतानाही तो गप्प बसू शकतो. कंबर छातीपासून लांब आहे, काही होत नाही, असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. ज्यांनी पेसमेकर बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून होकार दिला तरच पुढचा विचार. क्लिनिकमध्ये खोल शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन असतं, ते चालू असताना बाबांनी त्याच्या आसपासही थांबू नये. कंबरेसाठी गरम पाण्याची पिशवी, रोजचं चालणं आणि कोणीतरी नीट तपासून शिकवलेले व्यायाम यांनी बहुतेकांचं भागतं.

दुसरी गोष्ट आईची जखम. "दुखत नाही" हे तुम्ही जरा निर्धास्तपणे लिहिलंय असं मला वाटलं, आणि माझी काळजी नेमकी तिथेच आहे. चौदा वर्षांचा मधुमेह, अंगठ्याखालची जागा, पाच आठवडे न भरणारी आणि न दुखणारी जखम, या सगळ्यावरून तळव्याच्या नसा बधिर झाल्याची दाट शक्यता दिसते. आई रोज त्याच जखमेवर अख्ख्या शरीराचा भार टाकून चालते आहे आणि तिला ते जाणवत नाही. शिवाय त्याच पायाच्या गुडघ्यात आता कृत्रिम सांधा आहे. पायातला जंतुसंसर्ग रक्तातून त्या सांध्यापर्यंत पोचला तर प्रकरण फार अवघड होतं. म्हणून मशीन कपाटात ठेवा आणि उद्याच आईला मधुमेही पायाचे उपचार करणाऱ्या सर्जनकडे न्या. जवळ कोणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागात न्या. गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाही कळवा. ताप, पाय सुजणं, लाली वर चढत जाणं, घाण वास किंवा कातडी काळी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर उद्याचीही वाट पाहू नका.

तिथे काय व्हायला हवं हे माहीत असलं की तुम्हाला विचारता येईल. पायाच्या नाड्या तपासून रक्तपुरवठा पाहायचा. नायलॉनच्या बारीक तंतूने, म्हणजे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, तळव्याची संवेदना तपासायची. जखम हाडापर्यंत गेली आहे का ते सळईने चाचपायचं आणि एक्स-रे काढायचा. जखमेभोवती साचलेला घट्टा आणि मेलेली कातडी तासून काढायची. साखर आटोक्यात आणायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जखमेवरचा भार पूर्ण काढायचा. भार काढण्याच्या या उपायाचं आपल्या देशाशी जवळचं नातं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून कुष्ठरोग्यांच्या बधिर हातापायांवर काम करत होते. रोगाने पाय सडतो असा तेव्हाचा समज. ब्रँड यांनी दाखवलं की संवेदना गेलेल्या पायावर माणूस जखमेनिशी चालत राहतो, म्हणून ती भरत नाही. पाय प्लॅस्टरमध्ये नीट बसवून भार सगळीकडे सारखा वाटून दिला की वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमा भरतात. मधुमेही पायाला आज हेच प्लॅस्टर वापरतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ज्या एमसीआर, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराच्या, चपला मिळतात, त्याही याच कामातून आल्या. त्या जखम भरल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून घालायच्या असतात. उघड्या जखमेला त्याहून कडक उपाय लागतो, म्हणून चप्पल घेऊन दिली आणि काम झालं असं समजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न: विजेने जखम भरते हे खोटं आहे का? नाही, खोटं नाही. आपली कातडी बाहेरून आणि आतून थोड्या वेगळ्या विद्युतदाबावर असते, फरक साधारण दहा ते साठ मिलिव्होल्टचा. कातडी फाटली की त्या जागी छोटासा प्रवाह वाहू लागतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४३ मध्ये स्वतःचं बोट कापून हा प्रवाह मोजला होता. जखम बुजवायला निघालेल्या पेशींना त्या विद्युतक्षेत्रावरून दिशा कळते, हे पुढे प्रयोगशाळांत सिद्ध झालं. जुनाट जखमेत हा प्रवाह मंदावतो, म्हणून बाहेरून वीज द्यायची, असं यामागचं गणित आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होणाऱ्या बेडसोरच्या बाबतीत या उपचाराला चांगला आधार आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हट्टी बेडसोरसाठी स्पंदित, म्हणजे ठोक्याठोक्याने सोडलेल्या, करंटची स्पष्ट शिफारस आहे. अमेरिकेतल्या सरकारी मेडिकेअर विम्याने २००३ पासून जुनाट जखमांसाठी या उपचाराचा खर्च मान्य केला, पण अटी बघा: आधी नेहमीचे उपचार नीट करून ३० दिवसांत फरक पडलेला नसावा, आणि करंट प्रशिक्षित माणसानेच द्यावा. घरी आपापल्या हाताने वापरायला त्यांनी पैसे दिले नाहीत.

मधुमेही पायाबद्दल तज्ज्ञ याहून सावध आहेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाचं म्हणणं असं की भार काढणं, जखम साफ करणं, जंतुसंसर्गावर उपचार आणि रक्तपुरवठा या चार गोष्टी सोडून विजेच्या मागे लागू नका. मला ते पूर्ण पटतं. बधिर कातडीवर घरचं मशीन लावलं तर भाजल्याचं आईला कळणार नाही, आणि चिकट पॅड जखमेजवळ लावले तर जंतूंची ने-आण होईल. जखमेसाठी वापरतात ते हाय व्होल्टेज स्पंदित करंटचं मशीन वेगळं असतं, इलेक्ट्रोड निर्जंतुक असतात, ध्रुव कोणता कुठे ठेवायचा हे ठरलेलं असतं. तुमच्या डब्यावर "जखम भरते" असं छापलं म्हणून तो डबा तेच काम करत नाही. दुखणं थांबवणारा, स्नायू आवळणारा आणि जखमेला मदत करणारा करंट वेगवेगळा असतो. ठोक्याची लांबी, जोर, जागा, वेळ, सगळंच बदलतं. पंचवीस मोडपैकी तुमच्या कामाचे फार तर दोन-तीन आहेत.

डाव्या गुडघ्याकडे वळू. तिथे मात्र हे मशीन उपयोगी पडेल, फक्त त्याच्याकडून काय मागायचं ते आपल्याला माहीत हवं.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं. स्पर्शाच्या जाड नसांतून भरपूर संदेश आले की ते फाटक वेदनेसाठी बरंचसं मिटतं. ठेच लागल्यावर आपण नकळत पाय चोळतो, ते यासाठीच. दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी नसांना हलका करंट देऊन जुनाट दुखणं काही वेळ थांबवून दाखवलं. टेन्स तिथून आलं. पुढे हेही कळलं की करंटमुळे शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामक यंत्रणा जागी होते. म्हणजे आईला दोन तास बरं वाटतं ते मनाचे खेळ नाहीत. टेन्सच्या ३८१ चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही हेच निघालं: मशीन लावलेलं असताना आणि काढल्यावर लगेच दुखणं कमी असतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मात्र सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड यांपैकी काहीच देऊ नका असं सांगितलं, कारण गुडघा त्याने पुढे सुधारतो याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. व्यायामाला आणि वजन कमी करण्याला त्यांनी पहिलं स्थान दिलं.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. करंट झीज भरून काढत नाही. तो थोडा वेळ दुखणं हलकं करतो. त्या वेळात आई काय करते यावर सगळं अवलंबून आहे. दहा सिटिंग्जमध्ये ती पलंगावर पडून राहिली, बरं वाटलं, घरी आली, पुन्हा बसली. त्या दोन तासांत कोणी तिला खुर्चीतून उठबस करायला लावली नाही, चालवलं नाही. मग पुढचा आठवडा वेगळा कसा होणार? आयएफटीमध्ये साधारण चार हजार हर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला चार हजार आवर्तनांचे) दोन प्रवाह एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या फरकातून शंभर हर्ट्झच्या आसपासचा परिणाम मिळतो. घरच्या टेन्सपेक्षा त्याने फार काही जास्त मिळेल असं मला वाटत नाही. तेव्हा नुसत्या करंटसाठी आणखी दहा सिटिंग्जचं पॅकेज घेऊ नका. ते पैसे तपासून व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्या. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

लावायचं कसं ते सांगते. आधी आईला डोळे मिटायला सांगून गुडघ्याच्या चारही बाजूंना कापूस आणि नख लावून बघा. दोन्हींतला फरक तिला ओळखता आला नाही तर तिथे पॅड लावायचा नाही. बाम किंवा तेल लावलेलं असेल तर साबणाने धुऊन कातडी कोरडी करा. आपल्याकडे पॅड लवकर खराब होण्याचं हेच मुख्य कारण. दुखऱ्या जागेच्या दोन्ही अंगांना पॅड लावा, गुडघ्याच्या वाटीवर नको. टेन्स मोडमध्ये ८० ते १०० हर्ट्झ निवडा आणि जोर इतका वाढवा की मुंग्या ठळक जाणवतील, पण स्नायू आवळणार नाही, दुखणार नाही. बरेच जण घाबरून अगदी हलका करंट ठेवतात आणि मग मशीन चालत नाही म्हणतात. दहा मिनिटांनी मुंग्या कमी झाल्यासारख्या वाटतात, तेव्हा जोर थोडा वाढवायचा. अर्धा ते पाऊण तास पुरे. आणि हा अर्धा तास बसून घालवायचा नाही. जखमेसाठी डॉक्टरांनी चालायला मनाई केली तर खुर्चीत बसून डावा पाय सरळ करायचा, पाच मोजायचे, खाली आणायचा. चालायची परवानगी मिळाली की पॅड लावूनच घरात फेऱ्या. रोज तासन्‌तास एकाच सेटिंगवर लावलं तर काही दिवसांत शरीराला सवय होते आणि गुण कमी येतो, म्हणून गरजेपुरतंच वापरा. झोपताना नाही, मशीन चार्जिंगला असताना नाही, गळ्याच्या पुढच्या भागावर कधीही नाही. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं किंवा भाजल्यासारखं वाटलं की पॅड सुकलाय असं समजा आणि बदला. काढताना आधी मशीन बंद, मग पॅड.

उजवा पाय लटपटतो, ती गोष्ट वेगळी आहे. सांधा उघडला, सुजला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरता आदेशच देत नाही. गुडघा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून खाली जाते. त्यात आईने त्याआधी कित्येक वर्षं दुखतं म्हणून तो पाय जपलेला असणार. विजेने स्नायू आवळायचा उपाय इथे कामाचा आहे, कारण करंट मेंदूच्या आदेशाची वाट बघत नाही, थेट नसेला जागं करतो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर ४८ तासांतच हे सुरू केलं: दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा आवळणी, सहा आठवडे, सोबत नेहमीचे व्यायाम. त्या रुग्णांची ताकद आणि चाल नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा चांगली राहिली. त्याआधी, २००९ च्या एका मोठ्या चाचणीत हाच उपाय महिनाभराने सुरू केला होता. तिथे सगळ्यांकडून हळूहळू वाढता, कसून व्यायाम करून घेतला, आणि करंट लावलेले आणि न लावलेले यांत फरक दिसला नाही. दोन्हीकडची मंडळी छान सुधारली.

आईला चार महिने झालेत. म्हणून तिच्यासाठी व्यायाम हेच मुख्य औषध आहे, आणि तो दर आठवड्याला थोडा जड होत गेला पाहिजे. माझा अंदाज असा की तिला पहिल्या पंधरवड्यात दिलेला कागद ती अजून तसाच करते आहे. आठवड्यातून तीन दिवस, घोट्याला वजन बांधून पाय सरळ करणं, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं, नंतर बुटक्या पायरीवर चढणं. यातलं उभ्याने करायचं सगळं जखमेवरचा भार बघून, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. तोवर बसून आणि पडून करायचे प्रकार भरपूर आहेत. वजन बांधायचा पट्टाही घोट्याला काचू देऊ नका, आधी पायमोजा घाला.

करंटची जोड कधी द्यायची? आईला पलंगावर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती दाबायला सांगा. मांडी घट्ट होताना दिसत नसेल, किंवा सरळ पाय उचलताना गुडघा थोडा वाकत असेल, तर स्नायूला अजून नीट जाग आलेली नाही. मग ईएमएस मोड वापरून बघा. एक मोठा पॅड मांडीच्या वर बाहेरच्या अंगाला, दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर आतल्या अंगाला. साधारण ५० हर्ट्झ, दहा सेकंद आवळणं आणि पन्नास सेकंद विश्रांती, दहा ते पंधरा वेळा. विश्रांती कमी करू नका. करंट दर वेळी त्याच त्या तंतूंना कामाला लावतो, आपल्यासारखी पाळीपाळीने विश्रांती देत नाही, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. जोर असा हवा की मांडी ठळकपणे आवळलेली दिसेल. नुसती फडफड झाली तर ताकद वाढत नाही. आणि प्रत्येक आवळणीबरोबर आईने स्वतःही मांडी आवळायची आहे, टीव्ही बघत नाही. पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या. आतल्या धातूच्या सांध्याची भीती नको, या प्रकारच्या स्पंदित करंटला तो चालतो. शॉर्टवेव्हचा शेक मात्र त्या गुडघ्याला नको, धातू तापतो. गॅल्व्हॅनिक म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंटही नको. क्लिनिकमध्ये आई "शेक द्या" म्हणून मोकळी होते आणि समोरच्याला ऑपरेशनचं माहीत नसतं, तर तुम्ही बरोबर जा आणि सांगा.

एक गोष्ट आणखी. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, गरम लागली, तर त्यावर कुठलंही मशीन किंवा मालिश न करता डॉक्टरांकडे जायचं. शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते.

भावाने प्रेमाने पाठवलेलं मशीन परत करायची गरज नाही. डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक आहे का आणि हर्ट्झ व जोर वेगळे बदलता येतात का, तेवढं बघा. नुसते "मसाज", "चरबी" असे मोड असतील आणि आकडे कुठेच नसतील तर मात्र ते बदलून घ्या.

डाव्या गुडघ्याचंही ऑपरेशन पुढेमागे करावं लागलं, तर पायाची जखम पूर्ण भरल्याशिवाय तारीख घेऊ नका. आणि भरती होण्याआधीच तिथल्या फिजिओथेरपी विभागात विचारा की मांडीच्या स्नायूला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून करंट देण्याची सोय आहे का. ऑपरेशनआधीचे दीड-दोन महिने त्या मांडीचे व्यायाम करून घ्या. जखमेबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.